शनिवारची रांग

चार वर्षं मी माझ्या धाकट्या भावाच्या ताटावर डोळा ठेवून होते. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं आणि आमच्या जुन्या डॉक्टरांनी कागदावर ओझरती नजर टाकून फर्मावलं, "वजन उतरवा, तळलेलं बंद." झालं! मला तेवढंच हवं होतं. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यातल्या दवाखान्यात मी एकवीस वर्षं नर्स होते, मला कोण शिकवणार? भावजयीला दम दिला, तेलाची बरणी माझ्या कपाटात ठेवली, भावाला चारचौघांत 'ढेरपोट्या' म्हणायला लागले. एकदा तर दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात मी त्याच्यासमोरून उचलून नेला.

बिचारा अकरा किलो उतरला. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. तरी लिव्हरवरची चरबी जागच्या जागी आणि रक्ताचे आकडे चढतेच. मी कडाडले, "चोरून खातोस! नाहीतर चोरून पितोस!"

"ताई, थेंब नाही गं," तो म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात."

शेवटी भावजय माझ्याशी भांडून त्याला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. माझ्या लेकीच्या वयाची पोर. तिने एक वेगळी रक्ततपासणी सांगितली. रिपोर्टच्या दिवशी मीही गेले, तिला चार शब्द सुनावायलाच.

"यांना हेपेटायटिस सी आहे," ती म्हणाली. "हा विषाणू स्वतःच लिव्हरमध्ये चरबी साठवू शकतो. याची एक जात तर त्यात पटाईत. नुसतं खाणं तोडून ती चरबी हटत नाही."

माझं डोकंच फिरलं. "मग चार वर्षं कुणी बघितलं का नाही?"

"फॅटी लिव्हर दिसलं की पुष्कळदा तिथेच थांबतात. माणूस जाड असला की विचारायलाच नको. आता तीन महिने गोळ्या घेतल्या की विषाणू बहुतेक जाईल. पण लिव्हर थोडं कडक झालंय, ते किती सुधारेल ते बघावं लागेल." मग भावाला विचारलं, "पूर्वी कधी रक्त चढवलं होतं? खूप इंजेक्शनं?"

तो हसला. "इंजेक्शनं? अहो, ही माझी ताईच नर्स! दर शनिवारी कारखान्यात पाळी सुटली की आम्हा भट्टीवाल्यांची रांग लावायची. ताकदीचं लाल इंजेक्शन."

"मी प्रत्येकाला नवी सुई लावायचे!" मी उसळून म्हणाले. खरंच लावायचे. मोठ्या नर्सबाईंनी तसंच शिकवलं होतं आणि मला त्याचा केवढा तोरा होता. दुसरीकडे तर एकच सुई दहा जणांना टोचत.

"आणि सिरिंज?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सिरिंज रांगभर एकच असायची.

ती हळू आवाजात म्हणाली, "सुई बदलली तरी थोडंसं रक्त सिरिंजमध्ये मागे येतं. तीच सिरिंज परत बाटलीत घातली की औषधातही जातं."

भाऊ माझा हात धरून म्हणाला, "जाऊ दे ताई, तुला काय ठाऊक." मला त्याचाच राग आला. ओरड ना मेल्या! चार वर्षं मी तुझं ताट उचललं, तू माझं एक तरी भांडं आपट! पण तो माझ्या पाठीवरून हात फिरवत बसला.

मला रांग आठवत होती. भावाच्या पुढे नेहमी क्रेनवाला असायचा. तीन वर्षांपूर्वी तो पोट फुगून गेला. दारूने गेला, असं सगळे म्हणाले. मी तर त्याच्या दारात, सगळ्या बायकांसमोर त्याच्या बायकोला म्हणाले होते, "नवऱ्याला आवरायला हवं होतंस." ती रडत सांगत होती की तो कधी प्यायलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं दार वाजवलं. ती दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. मी सगळं सांगितलं. खात्री देता येणार नाही, पण सिरिंज माझी होती, हेही सांगितलं.

"तो पीत नव्हता," मी म्हणाले.

"ते मला ठाऊक होतं. तुम्हाला सांगितलंही होतं. माझ्या कानात येऊन काय सांगताय? तेव्हा चारचौघांत बोललात ना? मग चारचौघांत सांगा."

आणि तिने दार लावून घेतलं. बरोबरच केलं. तिच्या जागी मी असते तर थोबाडीत दिली असती.

शनिवारी पाळी सुटताना मी कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिले. भाऊ येतो म्हणाला होता, त्याला मी घरी बसवलं होतं. भट्टीवाले बाहेर पडले. केस पिकलेले, पोटं सुटलेली, पण चेहरे तेच. त्यांच्यातल्या कितीजणांना डॉक्टरांनी नुसतं वजन उतरवायला सांगितलं असेल, देव जाणे.

"अरे, आपल्या नर्सबाई!" एकजण ओरडला. "चला रे, रांग लावा, ताकद आली!"

सगळे खो खो हसले आणि दोघातिघांनी चेष्टेने खरोखरच बाह्या वर सरकवल्या.

"बाह्या खाली करा," मी म्हणाले. "आणि कुणी जाऊ नका. मी तुम्हाला काय टोचलंय ते ऐका."