दोन सर्व्हर, एक बोर्ड

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे आणि मला माणसांची शिसारी आली आहे. ऐकून वाईट वाटेल, पण माझी खोली पाहिलीत तर तुम्हीही नाक दाबाल. शेजारी ओल्या फडक्यांची कुबट बादली, माझ्या पंख्यात केसांचे पुंजके, पाठीवर कुणाच्या तरी चहाचा चिकट ओघळ आणि त्यात अडकून मेलेले झुरळ.

कारखान्यातून आलो तेव्हा मी लखलखीत होतो. माझ्यावर एक ॲप चालायचे. आजारी बाळाला कोणते औषध कोणी, किती वाजता दिले, हे घरची माणसे त्यात लिहीत आणि मी ते जपून ठेवी. तेव्हा चाळीस घरे होती. येणारा-जाणारा कौतुकाने माझ्या पाठीवर थाप देई. बघता बघता नऊ हजार घरे झाली आणि मला धाप लागू लागली.

मला सांभाळणारी ताई कंपनीच्या साहेबांना रोज बजावायची, "साहेब, आणखी सर्व्हर लागतील. एक तरी दुसऱ्या इमारतीत ठेवू या. हा बसला की सगळंच बसेल."

"चालतंय ना? मग कशाला उगाच हात लावायचा?" साहेब दात कोरत म्हणायचे.

शेवटी दुसरा सर्व्हर आला, तेव्हा ताई नेमकी रजेवर होती. साहेबांनी तो माझ्याच डोक्यावर ठेवला, माझ्याच एक्स्टेन्शन बोर्डात त्याची पिन खुपसली आणि पाहुण्यांना दाखवत सुटले, "एक गेला तरी दुसरा आहेच."

ताईने परतल्यावर कपाळाला हात लावला. "दोन्ही एकाच बोर्डावर? तो गेला की दोन्ही गेले!" "उद्या बदलू," साहेब म्हणाले. तो उद्या काही उगवला नाही.

एका दुपारी कुणीतरी डबा गरम करायला त्याच बोर्डावर मायक्रोवेव्ह लावला. बोर्ड जळाला. आम्ही दोघेही एकदमच गार पडलो. पुढचे मी नंतर ताईच्या तोंडून ऐकले.

एका आईचा कामावरून ताईला फोन आला होता. "बाळ तापानं फणफणलंय. सासूबाई औषध देऊन बाहेर गेल्या की न देताच, ॲपमध्ये दिसतच नाहीये. त्या फोन घरी विसरल्यात. नवरा बाटली हातात घेऊन उभा आहे. त्याला द्यायला सांगू का?"

"अंदाजानं देऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी थांबायला सांगितले. पाऊण तास बाळ रडत राहिले, बाप ओल्या रुमालाने त्याचे अंग पुसत राहिला. मग आजी परतली. औषध दिलेले होते. दुसऱ्यांदा पोटात गेले असते तर?

साहेबांनी त्या घरी निरोप धाडला, 'किरकोळ तांत्रिक अडचण.' किरकोळ!

आता मी इथेच बंद पडून आहे आणि ते ॲप दोन इमारतींतल्या नव्या सर्व्हरवर चालते. घरे वाढली की सर्व्हरही वाढवता येतात. दर सोमवारी ताई त्यातला एक मुद्दाम बंद करते आणि दुसरा खरोखर भार उचलतो का, ते बघत उभी राहते.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, कीवही करू नका. लोक ज्याच्या भरवशावर राहतील असे काही तुम्ही मोठेपणी उभारलेत, तर एकदा स्वतःच ते बंद पाडून बघा. तुम्ही नाही बघितलेत, तर ती परीक्षा एखाद्या तापलेल्या बाळाला द्यावी लागेल.