टवके उडालेला खांब

ड्वेनने तिसरा फेरा घातला तरी त्याला गाडी लावायला जागा मिळेना. व्हर्लीन बाकावर बसून मजेत बघत होती. मांडीवर खसखशीच्या रोलची गरम पिशवी होती. तिने ना हात केला, ना हाक मारली. पोरगा भल्या पहाटे इंडियानाहून निघून आईच्या हातातून गाडीच्या किल्ल्या काढून घ्यायला आलाय, तर फिरू दे की जरा.

शेवटी कुठेतरी मागच्या गल्लीत गाडी टाकून तो धापा टाकत आला.

"इथं पूर्वी अख्ख्या गावाच्या गाड्या मावायच्या," तो म्हणाला.

"आणि माणूस एक दिसायचं नाही. बस. पोट आधी आलं, मग तू आलास."

तो हसला आणि बसला. बाकाशेजारी दिव्याचा जुना खांब होता. इथलं महामार्गालगतचं अवाढव्य दुकान अर्धं पाडलं, उरलेल्या अर्ध्यात वाचनालय केलं, वर माणसं राहायला आली, गाड्या लावायच्या मैदानात रस्ते, झाडं, बाकडी आली; पण हा एक खांब आठवण म्हणून ठेवला. त्याच्या सिमेंटच्या पिवळ्या बुंध्याला दोन टवके होते. एक जुना, काळवंडलेला. तो ड्वेनचा. रविवारी सकाळी दुकान बंद असायचं, तेव्हा याच मैदानात आईने त्याला गाडी शिकवली होती. दुसरा टवका पांढराफटक, त्या मानाने ताजा होता.

"माझ्यानंतरही कुणीतरी इथंच शिकलेलं दिसतंय," ड्वेन म्हणाला.

व्हर्लीन पिशवीची गाठ पुन्हा मारू लागली. गाठ सुटलेली नव्हती.

"आई, मी शेजारच्या ओपलशी बोललो. तू तिची टपालपेटी पाडलीस म्हणे."

"ती आधीपासूनच वाकडी होती. ओपलसारखी."

"तू थट्टेवर नेऊ नकोस. डोळ्यांचं तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. आणि गाडी नसली तर तू एकटी राहणार कशी? मी मेपल मेडोज वृद्धाश्रमात एक खोली बघितलीय. उद्या नुसती नजर टाकून येऊ."

"नावात झाडं, नावात कुरण, आणि आत म्हाताऱ्या टीव्हीसमोर मांडून ठेवलेल्या. बरण्यांसारख्या." ती उठली. "चल. मला औषधं घ्यायचीत."

त्याला वाटलं, आता गाडीपर्यंत जायचं. ती मात्र सरळ पुढे निघाली, आणि तो तिच्या मागून. लहानपणीही तो असाच तिच्या मागून चालायचा, पण ते दुकानातल्या दुकानात. बाहेर कोण चालत होतं? दूध घ्यायला गाडी, तिथून शंभर पावलांवर पाव घ्यायला परत गाडी. जणू साऱ्या गावाने पायांना मेंदी लावली होती. व्हर्लीनच्या मागच्या अंगणातून दुकानाची पाटी वाचता यायची, पण मधे कुंपण आणि नाला. ती त्याच दुकानात कामाला होती, तरी गल्ल्यावर उभं राहायला तिला रोज महामार्गाला वळसा घालून जावं लागायचं.

आता कुंपण गेलं होतं. नाल्यावर पूल आला होता.

"हा पूल बघ. लाकूड खरं आहे, प्लास्टिक नाही," ती म्हणाली. पूल तिनेच बांधल्यासारखा तिचा आवाज होता. "ही झाडं माझ्यासमोर लावली. तेव्हा काठ्या होत्या काठ्या."

औषधवाल्याने तिला बघून पुडी आधीच काढून ठेवली. खाटकाने काचेआडून ओरडून विचारलं, "व्हर्लीन, सॉसेज शुक्रवारचंच ना?" बेकरीवाली हालिना दारात आली आणि ड्वेनला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "हाच का तो, फोन न करणारा?"

"हा धाकटा. मोठा तर फोन उचलतही नाही."

ड्वेनने मान खाली घातली, पण हसू लपवता आलं नाही. वाचनालयासमोर कारंज्यात पोरं भिजत होती. चाकांचा वॉकर धरलेला एक म्हातारा मधोमध थांबून त्यांना बघत होता. कुणी भोंगा वाजवला नाही.

"तूच ना सभेत ओरडत होतीस, दुकान पाडू नका, गाड्या कुठं लावायच्या म्हणून?" त्याने विचारलं. "टीव्हीवर दिसली होतीस."

व्हर्लीनने हात कानाशी नेला आणि ऐकण्याचं यंत्र बंद केलं.

घरी पोचल्यावर ती रोल कापायला बसली. किल्ल्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होत्या, नेहमीच्या जागी. ड्वेन त्यांच्याकडे बघत उभा राहिला.

"मी जरा गाडी चालू करून बघतो," तो म्हणाला. तिने यंत्र परत लावलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

गॅरेजमध्ये गाडीच्या टपावर नाताळची खोकी रचलेली होती. पुढच्या काचेवर धुळीचा थर, आरशापासून दारापर्यंत कोळ्याचं जाळं. त्याने जाळं बाजूला करून किल्ली फिरवली. टक् झालं, बाकी काही नाही. परत फिरवली. टक्. तो उतरून पुढे आला आणि बंपरपाशी वाकला. उजव्या कोपऱ्याला पिवळा रंग घासला गेला होता. त्याने अंगठ्याने पुसून बघितला. रंग निघाला नाही. तो तसाच वाकून राहिला.

दारात व्हर्लीन उभी होती, हातात सुरी.

"पूर्वी त्या मैदानात चुकलं, तर खांबालाच लागायचं," ती म्हणाली. "आता तिथं पोरं खेळतात."

एवढंच बोलून ती आत गेली.

ड्वेनने खोकं सरळ केलं, गाडीचं दार हलकेच लावलं. स्वयंपाकघरात येऊन त्याने किल्ल्या परत खिळ्याला अडकवल्या.

व्हर्लीनने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"मग उद्या किती वाजता निघायचं? त्या कुरणाकडे?" आवाज रोजचाच होता, पण सुरी रोलवर टेकून तशीच थांबली होती.

"उद्या हालिनाचं दुकान उघडं असतं का?" ड्वेनने विचारलं.

सुरी खाली उतरली. खसखशीच्या रोलचा मोठा तुकडा त्याच्या बशीत पडला.

"असतं. पण लवकर उठावं लागेल," ती म्हणाली. "आणि गाडी घेऊन येणार असशील, तर मी ओळख दाखवणार नाही."