मापाड्याचा लाभ

बहात्तरच्या दुष्काळात लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, ज्वारीच आली नाही आणि धोंडप्पा हमालाच्या पाठीला काम उरलं नाही. रिकामी पाठ सुखानं बसू देईना, म्हणून तो शाळेच्या मैदानावर जाऊन कवायतीच्या मास्तरांचा लोखंडी बार उचलू लागला. बायको नागम्मा म्हणायची, "पोतं उचललं की चार दाणे तरी सांडतेत. ह्या लोखंडातून काय सांडतंय?"

पुढं पाऊस आला, पोती आली, पण लोखंड सुटलं नाही. दहा वर्षं तो उस्मानाबादला जिल्ह्याच्या स्पर्धेला गेला आणि दर वर्षी दुसरा आला. मग ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला.

"तुमच्यासाठी सरकारनं जिल्हाच नवा काढलाय," नागम्मा म्हणाली. "आता तरी पहिले या."

धोंडप्पाची चौतिशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

स्पर्धेला सगळा मोंढा लोटला. पुढच्याच रांगेत नागम्माचे मामा, मोंढ्यात पोती मोजणारे गुरुलिंग मापाडी. बार छातीवर घेऊन डोक्यावर न्यायचा, संधी तीन. चाकूरचा गडी शंभर किलोवर अडकला होता. धोंडप्पानं एकशे पाच मागितले.

बार वर गेला, हात ताठ झाले. आता नांदेडहून आलेले पंच माधवराव "डाऊन" म्हणेपर्यंत थांबायचं. तेवढ्यात गुरुलिंगमामा ओरडले, "लाभ!"

बार धाडकन खाली.

मोंढ्याची रीतच तशी. मापाड्यानं पुकारल्याबिगर हमालानं पाठीवरचं पोतं थप्पीवर सोडायचं नाही; आणि पहिल्या पोत्याला 'एक' नाही, 'लाभ' म्हणायचं. वीस वर्षांची सवय. तो शब्द कानावर पडला की धोंडप्पाचं अंग आपसूक सैल पडायचं. माधवरावांनी लाल झेंडा दाखवला.

"मामा, गप बसा की!" नागम्मा म्हणाली.

"मी कुठं बोललो? जीभ बोलली."

दुसऱ्या खेपेलाही बार वर गेला, आणि पुन्हा "लाभ!" पुन्हा लाल झेंडा.

"अवो मामा, ही दुसरी खेप हाय न्हवं?" नागम्मा कडाडली.

"पहिलं पोतं पंचानं धरलंच न्हाई. मग दोन कसं म्हनू? काई रीतभात हाय का न्हाई?"

तिसऱ्या खेपेला नागम्मानं मामांच्या तोंडात शेंगदाण्याचा अख्खा लाडू कोंबला.

बार वर गेला. गुडघे कुरकुरले, पण सरळ झाले.

"डाऊन!" माधवरावांनी हात खाली केला.

धोंडप्पा हलेना. दोनदा फसला होता, आता कुणाच्याच आवाजावर त्याचा भरवसा नव्हता. नजर मामांच्या तोंडावर, आणि मामा नुसते चघळत होते.

"डाऊन! अहो, झालं, ठेवा खाली!"

धोंडप्पाचं तोंड वांग्यासारखं जांभळं पडलं. मामांनाही दया आली, पण दाढा गुळानं चिकटलेल्या. शेवटी नागम्माच खुर्चीवर चढली. "अवो, लाभ! लाभ!"

बार खाली आला. माधवरावांनी पांढरा झेंडा दाखवला आणि घाम पुसला.

महिन्यानं जिल्ह्यातला पहिला म्हणून पुढच्या स्पर्धेला नांदेडला निघायचं होतं.

"मामाला संगं घेऊ नको," धोंडप्पा म्हणाला.

"घेनार. रुसतेत ते." नागम्मा डब्यात लाडू रचत होती. "त्यांनी खायाचं, मी पुकारायचं. तुमी निस्तं उचला."