दमयंतीच्या जीपचं भाडं

कोंडवाडीहून देवरूखला सरकारी गाडी सकाळी आठला जायची, आणि त्यानंतर थेट संध्याकाळी पाचला. मधल्या नऊ तासांत कोंडवाडीच्या माणसाला कुठे जाण्याची इच्छा होऊ नये, एवढीच सरकारची माफक अपेक्षा होती. इच्छा तर व्हायचीच. म्हणून २००१ साली दमयंतीने बोटीवरच्या नवऱ्याने पाठवलेल्या पैशांतून एक जुनी जीप घेतली, घाटीत चार वेळा गाडी बंद पाडून ती स्वतः चालवायला शिकली, आणि प्रवासी नेण्याचा परवाना मागायला कचेरीत गेली.

"त्या रस्त्याला सरकारी गाडी आहे. दुसऱ्या कुणाला भाडं घेता येणार नाही," कारकून म्हणाला.

"आणि घरच्या माणसांना फुकट नेलं तर?"

"घरची माणसं न्या की कुठेही!"

झालं. कोंडवाडीत घरं चाळीस, आणि चाळीसही एकाच भावकीतली. दुसऱ्या दिवसापासून अकराची जीप सुटू लागली. पैसे कुणी द्यायचे नाहीत, उतरताना सीटवर काहीतरी विसरून जायचं. कुणी नारळ विसरे, कुणी आमसुलं. गंगाआजी दर मंगळवारी चार अंडी विसरायची, आणि पाचवं विसर म्हटलं की घासाघीस करायची. दमयंती खूश, गाव खूश, आणि कायदाही कुठे मोडला नव्हता, निदान दमयंतीच्या मते तरी.

खूश नव्हते ते एकटे रावजीकाका, दमयंतीचे चुलतसासरे. गाडी चालवणं हे सरकारचं काम, बायामाणसांनी मांडायचा धंदा नव्हे, असं ते चारचौघांत सांगत. शिवाय दोन घरांमधल्या हातभर दगडी गडग्यावरून अकरा वर्षांचा अबोला होता. काका पोस्टातून निवृत्त झालेले. जन्मात खोटं बोलले नव्हते, त्यामुळे गाव त्यांना जरा टरकूनच असे.

एका मंगळवारी त्यांची आठची गाडी हुकली. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा तो शेवटचा दिवस. दुपारपर्यंत देवरूखला पोचले नाहीत, तर सरकारदरबारी काका जिवंत राहणार नव्हते. अकराला ते मुकाट्याने जीपमध्ये पुढे येऊन बसले आणि त्यांनी समोरच्या फळीवर दहाची कोरी नोट ठेवली.

गंगाआजी किंचाळलीच. "अरे रावजी, नोट कसली ठेवतंस? सुपारी ठेव, काय पण ठेव!"

"फुकट बसायला ही माझी कोण लागते?" काका समोरच्या काचेला म्हणाले. "भाडं देणार, उतरणार. उपकार नकोत."

दमयंतीला राग आला. पण खरं सांगायचं तर तिला गुदगुल्याही झाल्या. सहा महिन्यांत पहिलं रोख गिऱ्हाईक! त्या आनंदात नोट उचलायची राहून गेली, आणि वळणावर तपासणीवाल्या साहेबाने हात आडवा केला.

"कुठे निघालात एवढे?"

"साखरपुड्याला!" गंगाआजी म्हणाली.

"बाराव्याला!" त्याच वेळी मागून केरू म्हणाला.

साहेबाने एकेकाकडे पाहिलं, मग नोटेकडे. "बाई, हे भाडं ना? गाडी जप्त करावी लागेल."

दमयंतीच्या तोंडचं पाणी पळालं. जीप गेली की सगळंच गेलं, नवऱ्याची बोटीवरची दोन वर्षांची कमाई आणि तिचे घाटीतले हेलपाटे. तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं.

"आजोबा, नोट तुमच्यापुढे आहे," साहेब म्हणाला. "खरं सांगा."

काका खरं सांगणार, यात कुणाला शंकाच नव्हती. काकांनी तिच्या हातांकडे पाहिलं, खाकरले, आणि तिचा एक हात सोडवून नोट तिच्या तळहातावर ठेवली.

"खरं सांगतो. ही माझ्या सख्ख्या भावाची सून. अकरा वर्षांत हिच्या हातावर कधी काय ठेवलं नाय, आज ठेवतोय. सुनेला द्यायला पण परवाना लागतो काय तुमचा?"

साहेबाने तोंड फिरवलं, पण हसू काही त्याला लपवता आलं नाही. "जा," तो म्हणाला.

जीपने पुढचं वळण घेतलं. मग गंगाआजीने टाळी दिली आणि सगळी जीप खिदळायला लागली. केरूला तर उचकी लागली.

"काका, म्हणजे ते भाडं नव्हतं?" दमयंतीने धीर करून विचारलं.

"बसलो तेव्हा होतं," काका पुन्हा समोरच्या काचेलाच गंभीरपणे म्हणाले. "साहेबाने विचारलं तेव्हा नव्हतं. मी खोटं बोलत नाय."

देवरूखच्या बाजारात काका उतरले, चार पावलं गेले आणि परत फिरले. "काय गो, परतीला किती वाजता?"

अकरा वर्षांनी ते थेट तिच्याशी बोलत होते. दमयंतीने जीपचं इंजिन बंद केलं. "तुम्ही याल तेव्हा, काका."

"थांब मग. आणि हे बघ, आता भाडंबिडं काय मागायचं नाय. घरचा माणूस आहे मी. पुढची जागा पण माझीच."

एकुलतं एक रोख गिऱ्हाईक हातचं गेलं होतं. दमयंती स्टिअरिंगवर डोकं टेकून भर बाजारात खदखदून हसली, आणि डोळे पुसायला तिला पदर पुरेना.