रिकामं पडलेलं नाव

आमचे हे रिटायर झाले आणि इतिहासकार झाले. पीण्या या इथल्या कारखान्यांच्या वस्तीत, एका स्टोअरमध्ये नटबोल्ट सांभाळण्यात जन्म गेला, पण गळ्यात मफलर आणि हातात छत्री आली की शहाजीराजांच्या पंगतीला जेवून आल्यासारखे बोलतात. मराठी मंडळात पुण्या-मुंबईकडची नवी आयटीवाली मुलं येतात. त्यांना रविवारी सकाळी गाव दाखवायचं काम यांनी अंगावर ओढून घेतलं. पैसे घेत नाहीत. कौतुक घेतात.

यांचं नाव सुब्बाराव. इथे लिहिते आहे खरी, पण तोंडाने मी ते लग्नातल्या उखाण्यानंतर घेतलेलं नाही. त्यांनी माझं तेवढंही घेतलं नाही. ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’ यांवर आमचा चाळीसएक वर्षांचा संसार निभावला.

यांची फेरी ठरलेली. आधी किल्ला, मग टिपूचा लाकडी महाल, मग मल्लेश्वरमचं काडू मल्लेश्वर. ते व्यंकोजीराजांनी बांधलं म्हटल्यावर मुलांच्या छात्या फुगतात आणि भरपूर फोटो निघतात. सगळ्यात शेवटी पीण्याची मास्ती. दोन वर्कशॉपच्या पत्र्यांच्या मधल्या बोळात कमरेइतका एक दगड आहे. त्यावर बाई कोरलेली आहे, उजवा हात वर केलेला, मनगटभर बांगड्या. नवऱ्यामागे सती गेलेल्या बाईच्या अशा दगडाला इकडे मास्ती म्हणतात. त्याच्यावर नाव नाही, साल नाही. नोकरीत असताना हे तिथे सावलीला डबा खायचे.

एका रविवारी पुण्याच्या कुणीतरी विचारलं, “काका, हिचं नाव काय?”

आता पुण्याच्या माणसापुढे ‘ठाऊक नाही’ म्हणायची नामुष्की यांना सोसणार थोडीच. हे म्हणाले, “तुंगा.”

तुंगा म्हणजे मी. माझं माहेर शिवमोग्ग्याचं, तुंगेच्या काठचं, म्हणून आप्पांनी ठेवलेलं नाव. लग्न ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, नदीच्या नावाची सून नको, नदी घरात टिकत नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीने त्यात ‘सुनंदा’ लिहिलं आणि तुंगा संपली. दोनचार वर्षांत आप्पाही गेले. मग त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही.

बोळातलं हे बोलणं मला तेव्हा काहीच कळलं नाही. मला कळलं ते हाकेने.

भर दुपारी मी स्वयंपाकघरात भिजवलेली अवरेकाई, म्हणजे पावट्याचे दाणे, सोलत बसले होते. मागून हाक आली, “तुंगाआई.” बाईचा आवाज, अगदी कानाशी. अनोळखी हाकेला ओ देऊ नये, हे आईने लहानपणापासून बजावलेलं. पण इतक्या वर्षांनी कुणी त्या नावाने बोलावलं म्हणून माझ्या तोंडून ओ गेलीच. वळून पाहिलं तर कुणी नव्हतं. नळ गळत होता. तोच आवाज पुढे म्हणाला, “माझी आई आयसीयूत आहे. तू मेलीस तरी मी येणार नाही, असं मी तिला फोनवर म्हणाले होते. हे कुणालाच माहीत नाही. ते खरं होऊ देऊ नका.”

माझ्या हातातले दाणे खाली पडले.

त्यानंतर रोज. एकीला मूल हवं होतं, एकीला नवऱ्याची बदली नको होती, एक नुसतीच रडायची. कधी भाजी चिरताना, कधी आमच्या राजाजीनगरच्या बसस्टॉपवर, माणसांच्या गर्दीत. मी मान वळवायचे आणि शेजारची बाई माझ्याकडे संशयाने बघायची. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान उत्तम आहेत. मला वेड लागतंय असं वाटून मी घाबरले. रात्री भीती वाटली तर माणूस दिवा लावतो, भर उन्हात काय लावणार?

उलगडा केला मल्हारने. हा मंडळातला नागपूरचा मुलगा, यांचा लाडका. घरी आला आणि फोनवरचा नकाशा मला दाखवायला लागला. “काकू, हे बघा. काकांची मास्ती किती फेमस झालीये. ‘तुंगाआई मास्ती, पीण्या’. फोर पॉइंट एट रेटिंग. मारतहळ्ळीहून बायका येतात ओटी भरायला. सगळे म्हणतात, ती ऐकते.”

मल्हारला चहा देऊन वाटेला लावलं. मग यांना विचारलं, “माझं नाव दगडाला दिलंत?”

हे मफलरशी खेळत बसले. “सुम्ने, उगीच तोंडातून निघून गेलं गं. खोटं नाव कुठून शोधू? आणि ते तर रिकामंच पडलं होतं की.”

मला राग आला, पण रागापेक्षा मोठा आला तो मत्सर. हसू नका. माझ्या नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा माझं नाव तोंडाने घेतलं ते परक्या लोकांपुढे, एका दगडाकडे बोट दाखवून. आणि मी इकडे त्याच्या ‘अगं’ला ओ देत म्हातारी झाले.

“रिकामं नव्हतं,” मी म्हणाले. “मी आत होते.”

मग मी त्यांना सगळं सांगितलं, हाका, नवस, आयसीयूतली आई. यांचा भुताखेतांवर विश्वास नाही, पण माझ्यावर आहे. चेहरा उतरला. “काय करायचं, सांग.”

“रविवारी सगळ्यांपुढे सांगा, हे नाव या बाईचं नाही, माझ्या बायकोचं आहे. मला ते परत हवंय. आणि घरी आल्यावर मला त्या नावाने हाक मारायची. एकदा तरी.”

“या वयात? शेजारचे ऐकतील.”

“ऐकू देत.”

छत्रीची मूठ फिरवत हे म्हणाले, “सरी. मारीन.” खरं सांगते, त्या दोन दिवसांत मी नव्या नवरीसारखी वागले. चांगली इरकल काढली. हाक कशी येईल, नुसतं ‘तुंगा’ की ‘अगं तुंगा’, याचा विचार करत आमटी करपवली.

रविवारी मी पहिल्यांदा त्यांच्या फेरीबरोबर गेले. किल्ल्यात, महालात माझं लक्ष नव्हतं. पीण्याच्या बोळात शिरलो तेव्हा रविवार असूनही एका वर्कशॉपमध्ये लेथ चालू होती. दगड मी ओळखलाच नसता. हळदीकुंकवाने माखलेला, हिरव्या बांगड्यांचा ढीग, खणनारळ. वर केलेल्या हातावर कुणीतरी घड्याळसुद्धा बांधलं होतं. ती बाई माझ्याकडेच बघत होती असं मी म्हणणार नाही, तिला डोळेच उरलेले नव्हते. पण तिथे उभं राहिल्यावर माझ्या कानातला आवाज आणि बाहेरचा आवाज एकच झाला.

कारण एक मुलगी दगडापुढे गुडघे टेकून ओटी भरत होती, आणि तो आवाज मी ओळखला. स्वयंपाकघरातला, पहिला. ती पुटपुटत होती, “तुंगाआई, आई घरी आली. काल फोनवर मला म्हणाली, भेटायला ये. मी ते वाक्य तिला सांगितलं. ती म्हणाली, मला आठवतच नाही.”

यांनी घसा साफ केला. “मंडळी, स्वल्प ऐका. या दगडाच्या नावाबद्दल मला एक चूक...”

मी त्यांचा हात धरला. लोकांसमोर मी यांचा हात असा कधी धरला नव्हता. ते थांबले.

मुलगी उठली, डोळे पुसत माझ्याकडे आली. “काकू, मी निधी. मूळची पुण्याची, आता मारतहळ्ळीला असते. तुम्हाला कुंकू लावू? आज माझ्याकडून पहिलं कुंकू तुम्हालाच.” तिने बोट पुढे केलं आणि विचारलं, “तुमचं नाव काय?”

माझं नाव माझ्या जिभेवर होतं. ते घेतलं असतं तर तिला कळलं असतं की तिने ज्या देवीपाशी मन मोकळं केलं ती राजाजीनगरात राहणारी, संधिवात असलेली एक बाई आहे, जिने तिची सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट भाजी सोलता सोलता ऐकली. पुन्हा कधी ती कुणापाशी बोलली असती?

“सुनंदा,” मी म्हणाले, आणि माझं नाव त्या दगडालाच सोडलं.

तिने कुंकू लावलं, मी तिला लावलं. बोळात लेथ चालूच होती. पण कानातली कुजबुज एकाएकी थांबली. मला वाटलं, चला, सुटले.

परतीच्या बसमध्ये यांनी मला खिडकीची जागा दिली. घरी आल्यावर मी कुकर लावला, कढीपत्ता खुडला. हे चपला काढून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, मफलर काढलेला, हात मागे. एवढं लाजलेलं मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

“तू तिथे बोलू दिलं नाहीस,” ते म्हणाले. “पण घरी हाक मारायचं कबूल केलं होतं.”

मी पदराला हात पुसले आणि त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले. कुकरची शिट्टी झाली. रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. यांनी घसा खाकरला, तोही ऐकू आला. मग त्यांचे ओठ हलले, पण शब्द ऐकू आला नाही. थोडं थांबून पुन्हा हलले. आणि पुन्हा.

“अहो, बोला ना,” मी म्हणाले.

“तीनदा मारली की हाक,” ते म्हणाले. “ओ का देत नाहीस?”