भिंतीपलीकडचे भुंकणे

मी एक जुनी, मागच्या पायाने लंगडणारी, कारवान या शिकारी जातीची कुत्री आहे. माझे नाव हरणी. मित्रांनो, आज दापोडीच्या चाळीत जिन्याखाली पडलेली मला पाहून तुम्हाला खरे वाटणार नाही, पण भोसरीच्या माळावर मी एके काळी सशाला गाठत असे.

माझा जन्म एकोणीसशे एकोणसत्तरचा, मंजुळाबाईंच्या गोठ्यातला. साऱ्या वस्तीची ती आजी. नवरा लवकर गेला, तरी तिने कांदा, बाजरी आणि घेवडा एकटीच्या हिमतीवर पिकवला. लग्नात माहेरून तिने एक कारवान कुत्री आणली होती. आम्ही सारी तिचाच वंश. जोडी जमवताना आजी सोयरीक जुळवावी तशी चौकशी करी. कुठे चांगला नर आहे असे कळले, की भाकरी बांधून ती राजगुरुनगरपर्यंत जाई. त्याचे पाय, छाती, दात बघे आणि मनास आले नाही तर सरळ परत येई. पिल्लू मागायला धनगर येत. त्यांना ती आधी विचारी, “पोटभर घालशील का? उपाशी मारायचं असंल तर आत्ताच सांग.”

मग कारखाने आले. आमचे बरेचसे रान त्यांच्या भिंतीआड गेले. आजीचा मुलगा अर्जुन त्यांतल्याच एका कारखान्यात कामाला लागला. भिंतीबाहेर, नाल्याच्या कडेला एक लांबट तुकडा तेवढा आमच्याकडे उरला.

“आई, आता बस कर,” अर्जुन म्हणे. “मला पगार हाय. कशाला मरतीस तिथं?”

“मरत न्हाई रं, तिथंच जगती मी,” आजी म्हणे आणि खुरपे उचलून चालू लागे. मी पुढे, ती मागे.

शहात्तरच्या पावसाळ्यात मी शेवटची व्याले. एकच पिल्लू जगले. भिंतीलगत नळासाठी खोल चर खणून तसाच उघडा टाकलेला होता. एका दुपारी आजी घेवडा तोडत होती आणि माझे पिल्लू त्या चरात पडले. मी काठावरून ओरडू लागले. आजी धावत आली. लुगड्याचा काचा मारला आणि घसरत आत उतरली. तिने पिल्लू उचलून वर टाकले. “घे गं बाई, तुझं लेकरू,” ती हसत म्हणाली.

तेवढ्यात काठ खचला.

भिजलेल्या मातीचा ढिगारा तिच्यावर आला आणि ती छातीपर्यंत गाडली गेली. मी उडी मारून पंजांनी माती उकरू लागले. जेवढी उकरावी तेवढी वरून घसरत होती.

“हरणे, तुझ्यानं न्हाई व्हायचं,” ती धापा टाकत म्हणाली. “जा. अर्जुनाला आण.”

खचलेल्या ढिगाऱ्यावरून वर चढून मी धावले. भिंत संपता संपत नव्हती. फाटकाशी पोचले तेव्हा माझ्या तोंडाला फेस आला होता आणि अंगभर चिखल होता. मी पहारेकऱ्याची विजार दातात धरून ओढू लागले.

“पिसाळलंय! पिसाळलंय!” तो किंचाळला आणि त्याने काठी घातली. माझा मागचा पाय मोडला. मी पडले, उठले, पुन्हा फाटकाकडे गेले. त्याने दगड मारले. मित्रांनो, मला बोलता येत नव्हते. माझ्याजवळ फक्त भुंकणे होते. आत यंत्रे धडधडत होती. माझा आवाज बसेपर्यंत मी भुंकले. मग आवाजच उरला नाही.

संध्याकाळी भोंगा झाला. शिफ्ट सुटली. माणसांच्या लोंढ्यात मला अर्जुनाचा वास आला. मी सरपटत त्याच्या पायांशी गेले. त्याने माझा पाय पाहिला, चिखल पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

“आई कुठंय?”

मी वळले. तो माझ्या पुढे धावत सुटला.

माणसांनी हातांनी माती उपसली. आजी अजून जिवंत होती. तिला टेम्पोत घातले तेव्हा तिचे ओठ हलले. “पिल्लू उपाशी आसंल,” ती म्हणाली. पिंपरीच्या दवाखान्यात पोचण्याआधीच तिचा श्वास थांबला. थोडे आधी आणले असते तर वाचली असती, असे डॉक्टर म्हणाले.

पुढे तो तुकडाही विकला गेला आणि आम्ही दापोडीला आलो. अर्जुनाची मुलगी कस्तुरा मला अन्न भरवते. माझे पिल्लू आता मोठा देखणा कुत्रा झाले आहे.

परवा कस्तुराने वडिलांना विचारले, “दादा, तुमी हरणीला कधीच का हात लावत न्हाई?”

अर्जुन माझ्या लंगड्या पायाकडे बघू लागला. मग म्हणाला, “त्या दिवशी मला आत ऐकू आलं होतं गं. बराच वेळ भुंकत होती. मला वाटलं, आसंल कुणाचं तरी कुत्रं.”

मित्रांनो, दारात एखादे मुके जनावर कळवळून ओरडू लागले, तर काठी शोधू नका. हातातले काम टाका आणि त्याच्या मागे जा.