गेंडा की पाणघोडा

जामखेडहून निघालेली एसटी चिचोंडी पाटील गावाच्या पुढं आली, तोवर रुपालीचे पाय भरून आले होते. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं उरकून, डबा करून ती ड्युटीवर आली होती. गाडी खच्चून भरलेली. सगळ्यांची तिकिटं देऊन ती कंडक्टरच्या सीटवर टेकते न टेकते, तोच मागून आवाज चढले.

तिथं सहादेव आणि मच्छिंद्र हे साडू बसले होते. सासऱ्याला बघायला नगरच्या दवाखान्यात निघालोय, असं त्यांनी चढतानाच सांगितलं होतं. आता दोघांत सहादेवचा मोबाईल होता. त्यात गेंडा आणि पाणघोडा समोरासमोर आले आणि व्हिडिओ तिथंच संपला होता.

"गेंडाच जिंकनार," मच्छिंद्र म्हणाला. "एकदा शिंग घातलं की पोट फाडंल."

"आन पाणघोड्याचं सुळं बघितलं का?" सहादेव म्हणाला. "पाण्यात वढला की संपला गेंडा."

"गेंडा कशाला जाईल पाण्यात?"

"प्यायला तरी यील का न्हाई? ताई, तुमी सांगा."

"मला काय म्हाईत," रुपाली म्हणाली. "हळू बोला, माणसं झोपलीत."

पण मच्छिंद्रला दम निघत नव्हता. "पाव्हणं, तुमी कुठलंच मान्य करत न्हाई."

"आन तुमी? येळ आली की अंग काढून घेता."

"यात अंग काढायचा काय संबंध?" मच्छिंद्रनं मोबाईल हिसकला, सहादेवनं सोडला नाही आणि त्या ओढाताणीत तो खिडकीतून बाहेर गेला.

रुपालीनं घंटीची दोरी ओढली. गाडी कडेला थांबली. लोक कुरकुरायला लागले. दोघं मागं पळाले आणि त्यांना लवकर आणायला तिलाही उतरावं लागलं. उन्हात तिचं डोकं ठणकत होतं. मोबाईल गवतात वाजला, तो तिलाच सापडला. काच तडकली होती. तिनं उचलून कानाला लावला.

"अवो, डाक्टर म्हनतात आजच घरी न्या," पलीकडून बाई बोलत होती. "आण्णांना कुनाकडं न्यायचं, ठरलं का तुमचं?"

रुपालीनं मोबाईल सहादेवच्या हातात दिला. पलीकडचा मोठा आवाज जवळ आलेल्या दोघांनाही ऐकू गेला होता. सहादेवनं "यतोय" एवढंच म्हणून फोन ठेवला.

"आमच्याकडं वर जायला जिना हाय," मच्छिंद्र खाली बघत म्हणाला.

"आमी नवरा-बायको दोघंबी दिसभर कामाला," सहादेव म्हणाला. "त्यांना पानी कोन देनार?"

तिला दोघांचाही राग आला नाही. रोज अंगाखाली हात घालून माणूस उचलायचा म्हणजे काय, ते तिला माहीत होतं. "गाडीत बसा," ती म्हणाली. "तिथं बोला."

मग गेंड्याचं नाव कुणी काढलं नाही. दोघं हळू आवाजात बोलत राहिले. नगर जवळ आलं तेव्हा सहादेव म्हणाला, "दिवाळीपातूर माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. शेजारच्या म्हातारीला बसवीन दुपारचं."

"बरं," मच्छिंद्र म्हणाला. "दवाखान्याच्या फेऱ्या मी करतो. दिवाळीनंतर खालची खोली बघतो भाड्यानं."

स्टँडवर उतरून दोघं गर्दीत शिरले. रुपालीनं चप्पल काढून पाय पुढच्या सीटच्या दांडीवर टेकवले. जामखेडला जाणारे लोक दाराशी जमायला लागले होते. सगळे चढेपर्यंत तिनं डोळे मिटून घेतले.